खाडीटिपणाची भिशी

खाली पिठाची गिरणी, वर आम्ही.
गिरणी फिरत असली की काचेखालची अक्षरं थरथरतात,
म्हणून स्कॅनिंग रात्री साडेनवानंतर,
शटर पडल्याचा आवाज आला की.
तोवर नजमा परकार मऊ कुंचल्यानं पानांवरचं पीठ झाडते.
बाजरी आहे, म्हणते, वासावरून.

त्रैमासिक होतं, 'खाडीटिपण'. माहीमहून निघायचं.
तेहतीस वर्षं, एकशे एकोणीस अंक.
तेरा निघालेच नाहीत: संप, कागदटंचाई,
एकदा संपादकांची कावीळ.
शिवडीच्या चिखलातल्या शिंपल्या, तिवरांच्या मुळांची मापं,
हातानं काढलेल्या आकृत्या, खाली बारीक सही.
वर्गणीदार दोनशेच्या वर कधी गेले नाहीत.

धुरू सरांनी एकट्यानं सगळं इंटरनेटवर चढवलं.
कुणीही वाचावं, कुलूप नको, हा हट्ट.
मार्चमध्ये सर गेले
आणि त्यांच्याबरोबर पासवर्ड.
मुलानं आमच्या हातात डायऱ्या ठेवल्या.
त्यांत दुधाचा हिशेब, भरती-ओहोटीच्या वेळा,
जावयाचा रक्तगट.
सात जूनला सर्व्हरचं भाडं थकलं आणि पान कोरं झालं.
हट्ट बरोबर होता. एकट्याचा होता, तेवढं चुकलं.

म्हणून पुन्हा पहिल्या अंकापासून.

मधे एक कंपनी आली. गोड बोलली.
आम्ही जपू, वाचणाऱ्याकडून थोडं घेऊ,
लेखामागे दोन हजार.
मंदाकिनी वैती त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती,
अंक एक्केचाळीस, पान बावीस, तळटीप शोधत:
'माहिती: पांडू वैती, शिवडी बंदर.'
"माझे बापाचा नाव वाचाला दोन हजार?"
कंपनीनं चहा अर्धा ठेवला.

भिशी लावा, हेही तीच म्हणाली.
एकवीस जण, दीडशे रुपये, दुसरा रविवार.
या भिशीत चिठ्ठी उघडायची नसते.
नंबर दर महिन्याला सर्व्हरचाच लागतो.
गिरणीवाले चौरसियासुद्धा भरतात.
मासळीवर आहे म्हटल्यावर म्हणाले, मी खात नाही,
आणि दीडशे मोजून दिले, पीठ लागलेल्या नोटांत.

एक प्रत इथे. एक वसईत फिलोमिना तुस्कानोकडे.
एक गडहिंग्लजच्या कॉलेजात,
कारण मुंबई बुडाली तरी गडहिंग्लज बुडत नाही.
प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा असतो.
फोनवर आम्ही तो एकमेकांना वाचून दाखवतो,
पत्रिका जुळवल्यासारखा, तिन्हीकडचा.
ऑगस्टात अंक सदुसष्टचा आकडा जुळेना.
वसईच्या प्रतीला कीड लागली होती.
ही कसर दिसत नाही, हिचं भोक पडत नाही,
आकडा तेवढा चुगली करतो.
गडहिंग्लजहून चांगली प्रत आली.
फिलोमिना दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

पासवर्ड आता तीन पाकिटांत आहे.
कुठलीही दोन उघडली की पुरतो.
कुणी एक मेलं तरी चालेल,
असं आम्ही चहा पिताना बोलतो.
मी एकाहत्तर वर्षांचा. मी जरा जास्तच सहज बोलतो.

काल मंदाकिनी आकृतीवर बोट ठेवून बसली होती,
अंक एक्केचाळीस, निवटीचं बीळ.
चुकलाय, म्हणाली. बापानं दोन तोंडं सांगितलेली,
यांनी एकच काढलंय.
"एक बुजला तं दुसऱ्यानशी भायेर येतं ती."
मी वही ओढली.
अंक एकशे वीस, पान एक, दुरुस्ती.
साठ वर्षं उशिरा.
खाली गिरणी अजून चालू होती, अक्षर वाकडं आलं.

नाव कुणाचं घालू, विचारलं.
बापाचा घाला, म्हणाली.
या टायमाला तली नको. वर.